रुकय्याखालाचा भत्ता

हफ्र अल बातिन,
२६ ऑगस्ट १९९०

भाईजान,

अस्सलामु अलैकुम. मी खुशाल आहे. मला जेद्दाला बोलावणारं पत्र लिहायला घेतलं असेल, तर तो कागद दुकानात साखर बांधायला वापरा. मी येणार नाही. इकडे कुवेतहून आलेल्या गाड्यांची रीघ लागली आहे, टपावर गाद्या आणि आत पोरंबाळं. उत्तरेच्या रस्त्यानं लष्कराचे ट्रक चाललेत. टेलिफोनच्या केबिनसमोर इतकी गर्दी की ‘हॅलो’ म्हणेपर्यंत मागचा ‘यल्ला, यल्ला’ करून ढकलतो. म्हणून हे पत्र नौशादच्या हाती देतेय. आपल्या गावचा नौशाद ट्रक घेऊन इकडे येतो आहे तोवर आपल्याला टपालाची गरज नाही.

पण माझं डोकं फिरलंय ते लढाईनं नाही.

मी ज्या संस्थेत सिस्टर आहे तिथली माणसं तुम्हाला ठाऊक आहेत. म्हातारी, अर्धांगवायू झालेली, कोणाचा मुलगा परदेशी तर कोणाचा हमी घेणारा मालक, कफील, वारलेला. आजारी म्हणावं असं त्यांतल्या निम्म्यांना काहीच नाही. उठवायला, आंघोळ घालायला, चार शब्द बोलायला माणूस मिळालं तर ती कोणाच्याही घरी सुखानं राहतील. वॉर्डात ती छताकडे बघत पडून असतात. सरकार संस्थेला दर खाटेमागे अनुदान देतं. मी सात वर्षं संस्थेच्या प्रमुखांच्या, आमच्या मुदीरसाहेबांच्या, मागे लागले होते, की हेच पैसे, नाहीतर यातले अर्धे, माणसाबरोबर त्याच्या घरी जाऊ द्या. वॉर्डातल्या अलीचाचाचा पुतण्या त्यांना न्यायला तयार आहे, त्याला फक्त चाकाची खुर्ची आणि आठवड्यातून एकदा येणारी नर्स हवी आहे. मुदीर चहाचा घोट घ्यायचे आणि म्हणायचे, ‘सिस्टर हफीजा, बजेट नाही.’ सात वर्षं हेच वाक्य, आणि चहाही तोच.

आणि आता बघा. परवा रियाधहून माणसं आली. वॉर्ड लष्करी जखमींसाठी राखून ठेवायचा आहे. खाटा रिकाम्या करा, लवकर. आणि कशा? तर जो कोणी आमच्या माणसाला घरी नेईल त्याला दरमहा भत्ता, चाकाची खुर्ची, न्हाणीघरात धरायला दांडे, घरी येणारी नर्स! एका सहीवर सगळं. देश कोणता, नातं कोणतं, काही अट नाही, घरच्याकडे इथं राहायचा परवाना, इकामा, असला की झालं. भाईजान, मी सात वर्षं जे मागत होते ते एका आठवड्यात आलं. म्हणजे पैसे होते! म्हाताऱ्यांना माणसासारखं जगता यावं म्हणून नव्हते, खाट रिकामी व्हावी म्हणून होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मुदीर म्हणाले, ‘खुश व्हा, तुमचीच योजना आहे.’ मला वाटलं त्यांच्या चहाची किटली उचलून खिडकीबाहेर फेकावी.

असो. आली आहे तर मी ती सोडणार नाही. आता माझं मागणं ऐका.

आमच्याकडे रुकय्याखाला आहे. बाणकोटची. लहान असताना बापाबरोबर हजच्या बोटीनं आली, बाप जेद्दालाच वारला, आणि पोर एका व्यापाऱ्याच्या घरी राहिली. तिथंच स्वयंपाक करता करता म्हातारी झाली. घर इकडे हफ्रला आलं तशी तीही आली. मालक वारला, खुबा मोडला, आणि मुलांनी तिला आमच्याकडे आणून सोडलं. बाणकोटला तिला ओळखणारं कोणी उरलेलं नाही. पण मला बघितलं की आपली भाषा बोलते. परवा म्हणाली, ‘पोरी, मना कुटं नेतील गं आता?’ ज्यांना कोणी नेणार नाही त्यांना दूरच्या एका मोठ्या संस्थेत टाकणार आहेत. मी ती पाहिली आहे. तिथं माणसाला नाव नसतं.

तुमच्या घरात दोन खोल्या आहेत, भाभी आहेत, तुमची लेक अरवा आहे. जेद्दा लढाईपासून लांब आहे. खालाला घेऊन जा. उत्तर लवकर द्या.

तुमची,
हफीजा


अल अझीझिया, जेद्दा
६ सप्टेंबर १९९०

प्रिय हफीजा,

वालेकुम सलाम. तुझं पत्र वाचून तुझ्या भाभीनं, सादियानं, आधी हसून घेतलं आणि मग डोळे पुसले. तुझा स्वभाव लहानपणापासून हाच. मदरशात मौलवीसाहेबांशीही तू वाद घालायचीस. आता तू परक्या मुलखात आहेस, मुदीराशी जरा जपून. त्यांनी तुझा इकामा रद्द केला तर मी इथून काय करणार? माझा कफील भला माणूस आहे, पण त्याचा हात तिकडे पोचत नाही.

इकडेही लोक घाबरले आहेत. लढाई कुठं, जेद्दा कुठं, पण दुकानातलं पाणी आणि खिडक्यांना लावायची चिकटपट्टी सकाळी येते आणि दुपारी संपते. अरवाची शाळा चालू आहे. ती आता घरात निम्मं इंग्रजी बोलते, तिच्या आईला फक्त ‘ओके मम्मी’ कळतं.

रुकय्याखालाचं ऐकून वाईट वाटलं. पण तूच विचार कर. दोन खोल्या म्हणतेस, त्यातल्या एकीत दुकानाचा माल असतो. अरवाची यंदा बोर्डाची परीक्षा. सादियाची कंबर धड नाही. आणि सरकारी पैशावर म्हातारं माणूस पोसायचं म्हणजे जमातीत लोक काय बोलतील, तेही बघावं लागतं. आपल्या गावच्या जमातीची बैठक दर जुम्याला होते, तिथं कोणाच्या घरी काय शिजलं तेही सगळ्यांना ठाऊक असतं. नाही म्हणत नाही. सादियाला विचारून सांगतो.

स्वतःला जप. विषारी वायूसाठीचा मास्क मिळाला का? मिळाला तर तो पिशवीत ठेवू नकोस, हाताशी ठेव.

तुझा भाऊ,
मोहियुद्दीन


हफ्र अल बातिन,
१५ सप्टेंबर १९९०

भाईजान,

सादियाभाभींना विचारून सांगतो, असं लिहिलंत. भाभींची चिठ्ठी नौशादनं मला वेगळी दिली. तिच्यात एकच ओळ होती. ‘माल गोडाऊनला पाठवता येतो, माणसाला नाही. पाठवून दे.’ तेव्हा वेड पांघरून बसू नका.

तुम्ही खोलीची अडचण सांगितलीत, ती मिटली. आता इकडचं ऐका. अलीचाचा घरी गेले! पुतण्या आला, सही केली, खुर्चीत बसवून घेऊन गेला. मागच्या आठवड्यात मी स्वतः घरी जाऊन पाहून आले, कारण जाणारी नर्स सध्या मीच. वॉर्डात हा माणूस दोन दोन दिवस तोंड उघडत नव्हता. मी गेले तर दारात खुर्ची टाकून बसलेला, शेळ्यांना शिव्या देतोय! मला बघून म्हणतो, ‘ही काळी शेळी बघ, माझ्या पुतण्याला फसवून विकली आहे.’ पुतण्याच्या बायकोला आम्ही शिकवलं, माणसाला कुशीवर कसं वळवायचं, पाठ न मोडता कसं उचलायचं. भत्त्यातून तिनं हाताखाली एक बाई ठेवली आहे. एवढंच लागतं, भाईजान. याला सात वर्षं ‘बजेट नाही’.

वॉर्ड महिनाअखेर रिकामा करायचा आहे. आता थोडी माणसं उरली आहेत, त्यात खाला. मोठ्या संस्थेची गाडी कधीही येईल. तिच्या खाटेजवळून कोणी गेलं की चादर घट्ट धरते. मी तिला सांगितलं आहे, माझा भाऊ नेतोय. आता तुम्ही मला खोटी पाडू नका.

संस्थेची गाडी तिला रियाधमार्गे तुमच्या दारापर्यंत आणेल, बरोबर एक आया. नंतर तिकडच्या कार्यालयाचा माणूस कागद घेऊन येईल, त्यावर सही करा. बाकी सगळं आपोआप होईल.

हफीजा


अल अझीझिया, जेद्दा
९ ऑक्टोबर १९९०

प्रिय हफीजा,

तुझी खाला पोचली. दारात गाडी थांबली तेव्हा अख्खी गल्ली बघायला जमली होती. उतरवताना माझ्या मानेला मिठी मारली ती सोडीना. सादियानं तिला पाणी दिलं तर घोटभर पिऊन म्हणाली, ‘हे पानी बाटलीतलं हाय. घरात माठ नाय?’ दुसऱ्या दिवशी मी माठ आणला. अझीझियात माठ शोधायला मला चार दुकानं फिरावी लागली, हे लिहून ठेव.

आता घरात तिचंच राज्य आहे. खाटेवर बसून कांदे चिरते, सादियाला माशाचं सार शिकवते. मी म्हटलं, ‘खाला, सादियाला येतं.’ तर म्हणे, ‘येता तां सार नाय, ता मीठपानी हाय.’ अरवा तिच्याजवळ झोपते. ती इंग्रजीत बोलते, खाला बाणकोटीत, आणि दोघी हसतात. कशाला हसतात अल्लाला माहीत. तू म्हणतेस ते खरं, माणूस घरात आलं की माणूस होतं.

आणि एक गोष्ट मुद्दाम सांगतो, तुला अभिमान वाटेल. कार्यालयाचा माणूस आला होता. जुम्याची नमाज करून जमातीची पाच-सात माणसं माझ्याकडे बसली होती. त्यानं सगळ्यांसमोर भत्त्याचा कागद पुढं केला. हफीजा, मला कसंसंच झालं. मी त्याला म्हटलं, ‘भाई, आमच्यात घरच्या बुजुर्गाला खाऊ घालायचे पैसे घेत नाहीत. अल्लानं दिलंय.’ त्यानं विचारलं, लिहून देता का? मी अरबीत लिहून दिलं आणि खाली ठसठशीत सही केली, ‘या घराला सरकारी मदतीची गरज नाही.’ हुसेनमियाँ उठून उभे राहिले आणि त्यांनी मला मिठी मारली. म्हणाले, कोकणचं नाव राखलंस.

अब्बा असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

तुझा,
मोहियुद्दीन


हफ्र अल बातिन,
२४ ऑक्टोबर १९९०

भाईजान,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. माठापर्यंत हसत होते. मग खाली तुमच्या सहीपर्यंत आले.

हे काय करून बसलात? कोणी सांगितलं तुम्हाला की तो पैसा खाऊ घालायचा होता? तुमची भाकरी कोणी मागितली होती का? त्या एका सहीला नर्स जोडलेली होती. खुर्ची जोडलेली होती. न्हाणीघरातले दांडे, उचलायला येणारी बाई, औषधं, सगळं! तुम्ही कागदावर ‘गरज नाही’ लिहिलंत आणि ते सगळं एका ओळीत परत पाठवलंत. हुसेनमियाँनी मिठी मारली? मग हुसेनमियाँना म्हणावं, रोज सकाळी येऊन खालाला संडासात न्या.

माझी सात वर्षं त्यात आहेत. मुदीरसमोर उभं राहून मी मागितलं ते भीक म्हणून नाही. खाट अडवून बसलेल्या माणसावर सरकार जे खर्च करतं ते त्याच्यावरच खर्च होऊ द्या, असं मागितलं. हक्क मागितला. तुम्ही त्याला खैरात करून टाकलंत, आणि वर खैरात नको म्हणून मोठेपणा मिळवलात.

कार्यालयात जा. सांगा, चूक झाली. सही बदलून घ्या. लवकर जा, कारण इकडे रोज नवे तंबू उभे राहताहेत आणि लढाई सुरू झाली की कोण कोणाचं ऐकणार आहे?

अब्बांचं नाव मध्ये आणू नका. अब्बांचे पाय सुजले तेव्हा त्यांना अम्मीनं उचललं होतं, तुम्ही नाही.

हफीजा


अल अझीझिया, जेद्दा
२ डिसेंबर १९९०

हफीजा,

तुझा राग पोचला. मोठ्या भावाला असं लिहितात का, ते मी विचारत नाही. तू तिकडे भीतीत आहेस, म्हणून सोडून देतो.

कार्यालयात जाणं सध्या जमणार नाही. एकदा सगळ्यांसमोर ‘नको’ म्हटलं आणि आता कार्यालयाच्या खिडकीवर जाऊन हात पसरायचा, हे माझ्याच्यानं होणार नाही. जमातीच्या बैठकीत माझं उदाहरण देतात. आणि गरजही नाही. खाला मजेत आहे. सगळं ठीक चाललंय. काळजीचं कारण नाही.

अरवाच्या सहामाहीचे मार्क चांगले आले. मास्क हाताशी ठेव.

मोहियुद्दीन


अल अझीझिया, जेद्दा
२८ डिसेंबर १९९०

प्रिय हफीजा,

सलाम. तुझ्या भाईजानना न सांगता लिहितेय. मराठी लिहायची सवय गेली आहे, शाळा सोडल्यावर किराणा मालाच्या याद्याच लिहिल्या, तेव्हा चुकलं तर हसू नकोस.

‘सगळं ठीक’ असं त्यांनी तुला लिहिलं, ते मला अरवाकडून कळलं. ठीक नाही. नोव्हेंबरात खाला न्हाणीघरात पडली. धरायला काही नाही, बादलीला धरायला गेली, बादली सरकली. हाड वाचलं, अल्लाची मेहरबानी. पण तेव्हापासून ती स्वतः उठायचं नाव काढत नाही. सकाळी मी उचलते, दुपारी मी उचलते, रात्री मीच. खाला हलकी दिसते, उचलताना कळतं. माझ्या कंबरेला आता पट्टा आहे, आणि वाकले की डोळ्यांपुढं अंधारी येते. कोणी शिकवलं नाही, कसं उचलायचं ते. मी आपली पोत्यासारखी उचलते, तिलाही दुखतं, मलाही. ती बिचारी ‘आई गं’ म्हणत नाही, दात आवळते. ते बघवत नाही.

तुझे भाईजान दुकानातून येतात, तिच्याजवळ बसतात, सुपारी कातरून देतात, गोष्टी करतात. मनाचे चांगले आहेत, कोण नाही म्हणतंय? पण इज्जत त्यांची आणि कंबर माझी. सही करताना त्यांनी पाच-सात पुरुषांकडे बघितलं, आत मी होते, मला एका शब्दानं विचारलं नाही. जमातीतल्या बायकांनी मला काय म्हटलं सांगू? ‘तुझा मियाँ जन्नतला जाणार.’ मी म्हटलं, जाऊ द्या, मला आधी डॉक्टरकडे जाऊ द्या!

मी खालाला टाकणार नाही. तिच्याशिवाय आता घर बंद दुकानासारखं वाटेल. पण मला एक बाई हवी, चार दांडे हवेत, खुर्ची हवी. मला ते मागायची लाज वाटत नाही. काय करू सांग. कार्यालयात बाईमाणूस एकटी गेली तर आत घेतील का?

तुझी,
सादियाभाभी


हफ्र अल बातिन,
१२ मार्च १९९१

भाईजान आणि भाभी, दोघांना,

मी जिवंत आहे. भाभी, तुमचं पत्र मिळालं आणि पाठोपाठ लढाई सुरू झाली. मी उत्तर लिहून ठेवलं होतं, पण नौशाद येऊ शकला नाही. तो कागद आता फाडून टाकला, कारण सगळंच बदललंय.

सायरन, मास्क, खिडक्यांना पट्ट्या, सगळं झालं. भीती वाटली. आता संपलं, अल्हम्दुलिल्ला. पण ज्या वॉर्डातून आमच्या माणसांना हाकलून काढलं, तिथं काय झालं माहीत आहे? जवळजवळ काहीच नाही. इतके जखमी आलेच नाहीत. पांढऱ्याशुभ्र चादरी घातलेल्या खाटा रांगेनं पडून राहिल्या. मी रोज त्यांची धूळ झटकायचे. आलं नाही कोणी, हे चांगलंच झालं, माझी कोणाच्या जखमा बघायची हौस नाही. पण रिकाम्या खाटेला पैसा होता, भाईजान, हे विसरू नका.

आता ऐका. गेल्या आठवड्यात मुदीरनी आम्हाला बोलावून वरून आलेला हुकूम वाचून दाखवला. तातडीची वेळ संपली, घरचा भत्ता बंद. घरी येणारी नर्स बंद. खुर्च्या परत जमा करायच्या. ईदच्या आत सगळ्यांना वॉर्डात परत आणायचं, कारण खाट भरलेली नसेल तर संस्थेचं अनुदान थांबेल. मी उभी राहून भांडले. म्हटलं, अलीचाचाला बघा, घरी ठेवायला खाटेपेक्षा कमी खर्च येतो, माणूस जगतो, आता कुठलं बजेट नाही? तेव्हा मुदीरनी फायलीतून एक कागद काढला. ‘सिस्टर, तुम्हीच सांगता कुटुंबांना मदत हवी. हे बघा, कुटुंबंच लिहून देताहेत. जेद्दाचं घर आहे, तुमच्याच देशाचं.’ आणि वाचलं. ‘या घराला सरकारी मदतीची गरज नाही.’

खाली तुमची सही. ठसठशीत.

ते म्हणाले, ‘भल्या घरांना पैसे नको असतात, आणि पैशासाठी नेतात त्यांच्या घरी ठेवू नये. मग योजना कोणासाठी?’ भाईजान, सात वर्षांत पहिल्यांदा मी त्या खोलीतून गप्प बाहेर आले. हुकूम तुमच्यामुळे निघाला असं मी म्हणत नाही, तो तसाही निघाला असता. पण त्यांच्या हातात काठी तुम्ही दिलीत.

आज सकाळी अलीचाचाचा पुतण्या त्यांना परत घेऊन आला. बायको बाळंतपणाला गेलीय, मदतीची बाई भत्त्याबरोबर गेली, खुर्ची परत मागितली, एकटा तो रस्त्याच्या कामावर जाणार की चाचाला उचलणार? खाटेवर ठेवताना तो लहान मुलासारखा रडला. चाचानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, छताकडे बघत पडला. मी शेळीचं विचारलं. नजर छतावरच.

संस्थेची गाडी रमजानात तुमच्याकडेही येईल. खालाच्या नावाची खाट लावून ठेवली आहे. तुमच्या कागदामुळे तुम्हाला कधी काही मिळालं नाही, पण खाट मात्र तिची राखून आहे. आता तुम्ही बघा.

हफीजा


अल अझीझिया, जेद्दा
७ एप्रिल १९९१

हफीजा,

रमजान मुबारक. सादिया म्हणाली, आधी लिहा आणि मग रोजा सोडा, म्हणून इफ्तारच्या आधी लिहायला बसलो आहे. पोटात काही नाही आणि डोक्यात राख आहे, तेव्हा अक्षर समजून घे.

तुझं पत्र मी जमातीच्या बैठकीत, इफ्तारच्या वेळी वाचलं, पुरं. हुसेनमियाँ म्हणाले, ‘पण तू केलंस ते बरोबरच केलंस.’ मी विचारलं, मग उद्या गाडी आली की तुम्ही सगळे मिळून एक बाई ठेवायचा पगार द्याल का? चार दांडे कोण बसवून देईल? सगळ्यांनी खजूर तोंडात टाकले. माझी वाहवा करायला तोंड होतं, आता तोंडात खजूर होते. मी तिथंच सांगितलं, उद्या मी त्या खिडकीवर जाणार आणि पैसे मागणार, ज्याला यायचंय त्यानं बघायला या. कोणी आलं नाही. फक्त नौशाद आला.

कार्यालयात तोच माणूस होता. मी म्हटलं, मला भत्ता हवा. तो म्हणाला, बंद झाला, आणि तुम्ही तर नको म्हणाला होतात. माझ्या मागं रांगेत लोक हसले. मला वाटलं होतं, तेवढ्यानं मी मरून जाईन. मेलो नाही. उलट आवाज चढला. म्हटलं, मी नको म्हणायला कोण? तिला वॉर्डात पाडून ठेवायला तुमच्याकडे पैसे आहेत, महिनोन्महिने आहेत, आणि माझ्या घरात ती कांदा चिरते, हसते, त्याला पैसे नाहीत? हे कुठलं बजेट? तो म्हणाला, ‘खलास, अर्ज द्या.’ अर्ज घेऊन परत आलो.

घरी येऊन खालासमोर बसलो. विचार केला, तिची माफी मागावी. म्हटलं, खाला, तुमच्या नावाचा पैसा येत होता, मी इज्जतीसाठी नको म्हटलं, मला वाटलं घरच्या माणसाचे पैसे कसे घ्यायचे.

ती कांदा चिरत होती. सुरी खाली ठेवली. मला वाटलं रडेल. रडली नाही. म्हणाली, ‘त्या घरानं पन असाच सांगितलान. मी जलमभर त्यांच्या चुलीपुडं. पगार मागितलान, तर म्हनले, तू घरची हायस, घरच्याला पगार कसला. खुबा मोडला तवा मी घरची नाय झालंय.’ मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, ‘तुजा पैसा नवता ता, मोहियुद्दीन. माजा होता. माज्या नावाचा जल्मात पैला पैसा. मना कोनी इचारलानच नाय.’

हफीजा, कोणी विचारलंच नाही. मी नाही, तू नाही, सादियानंही नाही. तू हक्क म्हणालीस, मी इज्जत म्हणालो, आणि जिचा पैसा ती आतल्या खोलीत बसून कांदे चिरत होती.

काल संस्थेची गाडी आली. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन जिन्यानं वर आली. सादिया पट्टा बांधलेली कंबर घेऊन दारात आडवी उभी राहिली, आणि मी तिच्या मागं. मागंच राहिलो, पुढं होण्याचा हक्क तिचा होता. माणूस म्हणाला, आमच्याकडे हुकूम आहे. मी म्हटलं, या वेळी तिला विचारू. आत गेलो, आणि पहिल्यांदा विचारलं, खाला, तुम्हाला कुठं राहायचंय?

अर्जाचा कागद तिच्या उशीशी पडला होता. तिनं तो उचलला, अंगठा शाईच्या डबीत बुडवला आणि माझ्या सहीची जागा सोडून, कागदाच्या अगदी मधोमध टेकवला. मग दारातल्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

‘मी इकडंच ऱ्हाईन. पन माजे पैसे आना.’

तुझा भाऊ,
मोहियुद्दीन